तंबोऱ्याची ओळ

डिसेंबर १९५६, मार्गशीर्षातला एक रविवार, दुपारची वेळ. ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, शिंदे की छावनीतल्या आमच्या भाड्याच्या घराचं अंगण. हजर: नवी नवरी, म्हणजे माझी ताई, तिचे यजमान, आमचे भाऊजी, आधीच टांग्यांत बसलेली त्यांच्याकडची मंडळी, आई, आबा आणि त्यांच्या बँडमधले वादक, गणवेशात, खालच्या मजल्यावरची भाभी, आणि मी, हातात सामानाची यादी घेऊन. गैरहजर: गल्लीतल्या जवळजवळ सगळ्या गाणाऱ्या बायका.

गैरहजेरीचं कारण सरकारी होतं. महिन्याभरापूर्वी मध्यभारत संपून नवा मध्यप्रदेश झाला होता आणि राजधानी भोपाळला गेली होती. कचेऱ्या उचलल्या गेल्या आणि कचेऱ्यांमागोमाग कारकुनांची बिऱ्हाडं. आमच्या गल्लीनं आठ-नऊ वर्षांत तीन सरकारं पाहिली, पण घरांना कुलपं लागलेली याच खेपेला पाहिली. भाऊजीही त्यातलेच. लग्नापुरती रजा काढून ते भोपाळहून आले होते.

आबा संस्थानच्या फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. फौज भारतीय सैन्यात विलीन झाली तेव्हा त्यांना पेन्शन मिळालं आणि क्लॅरिनेट हातात राहिलं. जुने सोबती जमवून त्यांनी लग्नाचा बँड काढला होता आणि नया बाज़ारात एक खोली घेतली होती. पण पाठवणीच्या वेळी बँड वाजवायची आमच्यात रीत नव्हती. पाठवणीला बायका गात. आणि गाणाऱ्या बायका भोपाळात.

टांगेवाला घोड्याला उगाच चुचकारत होता. आई म्हणाली, "अशी मुकी पाठवायची का मुलीला?"

भाभीनं पदर खोचला. ती मुरैनाकडच्या खेड्यातली. नवरा हजीऱ्याच्या बाजूला मिलमध्ये कामाला. "अम्माजी, हम गा दें? गाँव को गीत है. पर है हँसी को."

"गा बाई, काहीही गा."

भाभी गायला लागली: "ऊँटवारे, तनिक ठैर जा, चूल्हे पे दूध धरो है."

चाल भरभर चालणारी, जवळजवळ उड्या मारणारी. नवरीला न्यायला उंट घेऊन माणूस आलाय आणि ती त्याला सबबी सांगतेय, एवढंच ते गाणं. आधी चुलीवरचं दूध, आणि मग जी नवरी असेल तिची स्वतःची सबब. भाभी मध्येच थांबली आणि ताईच्या हनुवटीला हात लावून म्हणाली, "बोल बिन्नो, तेरो का काम रै गओ?"

ताई रडत होती. रडता रडताच म्हणाली, "तंबोरा लावायचा राहिलाय."

ते खरंच होतं. ताई गाणं शिकत होती आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी तिची शेवटची परीक्षा होती. तंबोऱ्याला नव्या तारा घातल्या होत्या. त्या सारख्या उतरत. भाभीनं लगेच ओळ बांधली: "ऊँटवारे, तनिक ठैर जा, तंबूरा मिलाइबे को धरो है." बँडवाले हसले, टांगेवाला हसला, ताईही नाक पुसत हसली. टांगा निघाला. तंबोरा गवसणी घालून कपाटावर ठेवला गेला, कारण सामानाच्या टांग्यात त्याला जागा उरली नव्हती. यादी माझ्याकडे होती, म्हणून मला पक्कं ठाऊक.

दुसऱ्या दिवशी नळावर भांडी घासताना भाभीनं मला या गाण्याचा कायदा सांगितला. एकीची ओळ दुसरीला गायची नाही. ती उष्टी झाली. नवरी पहिल्यांदा माहेरी येते तेव्हा राहिलेलं काम तिनं करायचं, दूध तर दूध, शिवण तर शिवण. काम झालं की बायका ओरडतात, "उतर गओ!", म्हणजे चुलीवरून उतरलं. मग ती ओळ संपली. पुन्हा कोणी तोंडात घेत नाही.

ताई पहिल्यांदा आली ती आईच्या आजारपणात. औषधं, काढे, भेटायला येणारी माणसं यांत तंबोरा कोणाच्या लक्षात राहतो! तोवर भाभीनंही मिलच्या जवळ हजीऱ्याला बिऱ्हाड केलं होतं. परीक्षेचा दिवस भोपाळच्या सरकारी क्वार्टरात आला आणि गेला. ताईनं त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. तंबोरा मात्र कधी मागवलाही नाही.

गाणं मात्र चालायला लागलं.

पहिलं चालवलं आबांनी. पाठवणीच्या दिवशी त्यांनी ते कानानं टिपून घेतलं होतं. आठवड्याभरात मला म्हणाले, "चाल सुरेख आहे, पण हे गाणं नव्हे. नुसती स्थायी आहे. अंतरा कुठाय?"

मी सांगितलं, अंतरा प्रत्येक नवरीचा वेगळा असतो.

"मग वादकांच्या पुढ्यात काय ठेवू? नवरीला विचारून वाजवायचं?"

आबांचं शिक्षण लष्करी. कागदावर लिहिलेलं नसेल तर त्यांचे वादक वाजवत नसत. त्यांनी ताईची ओळ घेतली, तिचे सूर जरा वर चढवले आणि तिचा अंतरा केला. वर आणखी एक झालं. त्या वादकांचे पाय परेडचे. लग्नाची गर्दी बघून त्यांनी संथ संचलनाचा ठेका धरला आणि उड्या मारणारं गाणं पाय ओढत चालायला लागलं. नया बाज़ारातल्या एका सराफाच्या मुलीच्या पाठवणीत ते असं पहिल्यांदा वाजलं. लोक रडले. आबा खूश होऊन घरी आले. पुढच्या लग्नसराईत दुसरे बँडही तेच वाजवत होते, आणि पाठवणीला बँड ही रीतही लष्कर भागात तेव्हापासूनच रुजली.

मग मी लग्न करून लष्करातच दुसऱ्या गल्लीत गेले, शाळेच्या ऑफिसात लागले, आबा गेले, आई गेली. गाणं अधूनमधून कानावर पडे. मला त्याचं कौतुक वाटे आणि तेवढ्यावर मी कामाला लागे. त्याचा माग काढावा लागला तो गेल्या वैशाखात, ताईच्या मुलीच्या लग्नात.

मुलाकडचे नया बाज़ारचे, म्हणून लग्न इकडे, आमच्या घरी. ताई महिनाभर आधी आली. पहिल्याच संध्याकाळी आम्ही भाजी निवडत बसलो होतो आणि रेडिओवर ते लागलं. निवेदक म्हणाला, पारंपरिक लोकगीत. ताईचा हात थांबला.

"हे लग्नात नको," ती म्हणाली.

"ताई, हे तर होणारच. बँडवाले वाजवतील, बायका गातील. ह्याच्याशिवाय इथे मुलगी दाराबाहेर पडत नाही."

"गाणं असू दे. तंबोऱ्याची ओळ नको. ती माझी आहे आणि ती संपलेली नाही. माझं उष्टं माझ्या मुलीच्या पदरात घालू नका. राहिलेल्या कामाची ओळ घेऊन मी गेले, पुरे झालं." मग नेहमीच्या आवाजात म्हणाली, "तू सगळ्यांना ओळखतेस. सांगून ये."

ताईनं आयुष्यात माझ्याकडे फार थोडं मागितलं आहे. मी कोणाकोणाला सांगायचं ते लिहून काढलं आणि दुसऱ्या दिवसापासून निघाले. त्या निमित्तानं मला पहिल्यांदा कळलं की ते गाणं कुठे कुठे जाऊन राहिलंय.

आबांचा बँड आता त्यांच्या युफोनियम वाजवणाऱ्या सोबत्याचा मुलगा चालवतो. नया बाज़ारची तीच खोली, भिंतीवर लाल कोट टांगलेले. मी म्हटलं, अंतरा गाळा. तो गोंधळला. "दीदी, क्लैरिनेट में बोल कहाँ होते हैं? हम तो फूँकते हैं. बोल तो सुननेवाले के मन में चलते हैं. वहाँ से कैसे निकालूँ?"

"मग फक्त पहिला भागच वाजवा."

"तो फिर दूसरे पे पैर कैसे उठेगा?" त्यानं बसल्या जागी पाय उचलून दाखवला. खरंच, त्यांचा डावा पाय अंतऱ्याच्या पहिल्या सुरावरच उचलला जातो.

तिथून गाण्याच्या बाईंकडे. या ताईच्याच गुरूंच्या शिष्या, वयानं माझ्याएवढ्या. मैफल संपवताना त्या हे गाणं म्हणतात, हे मला माहीत नव्हतं. त्यांनी मला चहा दिला आणि गाणं पिलू रागात आहे की नाही यावर ग्वाल्हेरात किती वाद झाला ते सांगितलं. वाद सगळा अंतऱ्यातल्या एका चढ्या सुरावर होता. तो सूर आबांनी घातलेला. मी तसं सांगितलं.

"असं कसं असेल?" बाई म्हणाल्या. "तो सूर तर फार जुना आहे. त्याच्यावरूनच तर चाल जुनी आहे हे कळतं."

"माझ्यासमोर लिहिलाय त्यांनी. स्वयंपाकघरात. पाटावर बसून."

"मग त्यांनी कुठेतरी ऐकला असणार," बाईंनी निकाल दिला. "आणि अंतरा काढायचा म्हणता? गाणं लंगडं होईल हो."

कॉलेजच्या पोरांचा एक ऑर्केस्ट्रा आहे. अकॉर्डियन, बोंगो वगैरे. त्यांच्याकडे उंट गेला आणि ट्रक आला: "ट्रकवारे, तनिक ठैर जा." चुलीच्या जागी स्टोव्ह. म्हटलं, एवढं बदललंत, मग तंबोराही बदला. गिटार घाला. अकॉर्डियनवाला म्हणाला, "आंटी, ट्राय केलं होतं. पब्लिक नाही मानत. बाकी सब चलता है, तंबूरा माँगते हैं."

मला हे विलक्षण वाटलं. भोपाळला गेलेल्या बायकांनी ते मराठीत नेलं होतं: "उंटवाल्या, थांब जरासा, तंबोरा लावायचा राहिला." इंदूरहून आलेली माझी एक सहकारी सांगत होती, तिकडे त्यात जबलपूरची गाडी येते. एका शाळेच्या स्नेहसंमेलनात मुली डोक्यावर घागरी घेऊन त्याच्यावर नाचतात, घागरीचा आणि तंबोऱ्याचा काय संबंध ते देव जाणे. उंट बदलला, दूध बदललं, भाषा बदलली, वेग तर पहिल्याच आठवड्यात बदलला. जी ओळ एका मुलीपुरती, एका दुपारपुरती केलेली, तीच फक्त कोणी बदलली नव्हती.

का, ते एका कीर्तनात कळलं. राममंदिरात बुवा निरूपण करत होते आणि त्यांनी हीच ओळ घेतली. तंबोरा म्हणजे देह. उंटवाला म्हणजे काळ. न्यायला आलाय, आणि जीव म्हणतो, थांब, अजून सूर लागला नाही. सभामंडपात बायका डोळे पुसत होत्या. मला वाटतं, आबांनी गाणं संथ केलं तेव्हाच ही वाट मोकळी झाली. भरभर गायलेल्या सबबीत कोणाला देह दिसत नाही. संथ गायली की दिसतो. आणि दूध काय, कोणीही उतरवील; न लागलेला तंबोरा मात्र प्रत्येकाच्या घरी कुठेतरी असतो, तंबोरा नसलेल्यांच्याही.

घरी येऊन ताईला बुवांचा अर्थ सांगितला. ती म्हणाली, "देह कुठला गं! तंबोराच. तारा नव्या होत्या, उतरत होत्या."

शेवटी मी हजीऱ्याला भाभीकडे गेले. म्हातारी झाली आहे, पण मला दारातच ओळखलं. मी सगळं सांगितलं: तिचं गाणं रेडिओवर लागतं, मैफलीत होतं, बँडवर वाजतं. तिचा विश्वास बसेना. शेजारच्या ट्रान्झिस्टरवर तिनंही ते गाणं पुष्कळदा ऐकलं होतं, पण ते आपलंच, हे तिच्या डोक्यात आलं नव्हतं.

"वो? वो तो कोऊ के मरे को गीत है," ती म्हणाली. "हमारो तो हँसी को है."

मी तिला म्हटलं, एकदा म्हण. तिनं खाटेवर बसून टाळी देत म्हटलं. तेवीस-चोवीस वर्षांनी मी ते मूळ वेगात ऐकत होते. दोन सुना पदर तोंडाशी धरून हसायला लागल्या. तंबोऱ्याच्या जागी तिनं धाकट्या सुनेची ओळ घातली, काहीतरी म्हशीबद्दल, आणि ती सून लाजून आत पळाली. ताईची ओळ तिला आठवतही नव्हती. तिच्या लेखी ती केव्हाच संपायला हवी होती.

परत येऊन ताईला हिशेब दिला: बँड नाही म्हणतो, बाई नाही म्हणतात, पोरं नाही म्हणतात, गल्लीतल्या महिला मंडळातल्या गाणाऱ्या बायका "हो हो" म्हणतात पण ऐन वेळी गातीलच. "ताई, ओळ आता तुझ्या हातात नाही. माझ्या तर नाहीच. आणि भाभी म्हणते, ते गाणं हसायचं होतं." भाभीची म्हैस मी तिला गाऊन दाखवली, माझ्या आवाजात जेवढी जमली तेवढी.

ताई पुष्कळ वेळ हसत राहिली. त्या लग्नघरात ती मनापासून हसलेली मी तेव्हाच पाहिली. मग म्हणाली, "ओळ काढता येत नाही, तर उतरवता तर येईल. तंबोरा कुठाय?"

तंबोरा माझ्याकडे होता. आईच्या मागं घर आवरताना मी तो घेऊन आले होते. गवसणी उसवलेली, तारा काळ्या पडलेल्या, एक तुटलेली. लग्नाच्या आदल्या दिवशी मी नव्या तारांसाठी बाजारात चक्कर मारली, केळीच्या पानांसोबतच. लग्नाच्या सकाळी ताई कोठीच्या खोलीत लाडवांच्या परातींमध्ये बसली. बाहेर बँडवाले आपापले सूर तपासत होते. कोणी केशर मागायला येई, कोणी किल्ली. ती प्रत्येकाला देत होती आणि परत खुंटी पिळत होती. नव्या तारा, लावल्या की उतरायच्या. मुलगी हळदीच्या अंगानं दारात उभी राहून म्हणाली, "आई, तू हे आत्ता करतेयस?"

"आत्ताच. दुपारी तुझी गाडी यायच्या आत व्हायला हवं."

"पण मला तर काही वाटत नाही गं त्या ओळीचं."

"तुला नको वाटायला, म्हणूनच करतेय."

मणी सरकवत, कान तुंब्याला लावत ती बसून राहिली. एकदा मधल्या तारांची जोड लागली आणि पंचम घसरला. मग पंचम लागला. मग सगळ्या तारा एकत्र बोलल्या आणि मी हातातली यादी खाली ठेवली. बाहेर क्लॅरिनेट वेगळ्याच पट्टीत होतं, पण त्यानं काही बिघडलं नाही. ताई गायली नाही. फक्त छेडत राहिली आणि मग म्हणाली, "लागला."

मी दार उघडून स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "उतर गओ!" आचारी कढईशी धावला. त्याला वाटलं, दूध उतू गेलं.

दुपारी पाठवणी झाली. दारात फुलांनी मढवलेली अँबॅसिडर, जायचं नया बाज़ारापर्यंत, तिथून चार दिवसांनी कोट्याला, जावयाच्या नोकरीच्या गावी. बँडनं ते संथ वाजवलं, डावा पाय नेमका अंतऱ्यावर उचलला. बायकांनी गायलं, तंबोऱ्याची ओळही गायली. ताईनं हरकत घेतली नाही. ती त्यांच्यात उभी राहून टाळी देत होती, बँडच्या दुप्पट वेगानं, आणि बायका तिच्याकडे बघत होत्या की हिला झालंय काय.

गाडीचं दार लावता लावता मुलीनं काच खाली केली. "मावशी, तुम्ही सांगत होतात ना, प्रत्येकीची वेगळी असते. मग माझी ओळ?"

महिनाभर आम्ही एक ओळ काढायच्या आणि मग उतरवायच्या मागे होतो. जिची पाठवणी, तिची ओळ कोणी केलीच नव्हती. माझ्या यादीत हारापासून हिंगापर्यंत सगळं होतं, हे नव्हतं. गाडी गेली.

नंतर मी कोट्याला पत्र टाकून विचारलं, तुझं काय काम राहिलं होतं ते कळव. उलट टपाली उत्तर आलं. परीक्षा झाली होती, पुस्तकं परत केली होती, सायकल मैत्रिणीला दिली होती, मशीनवर शिवायला घेतलेले पडदेसुद्धा आदल्या रात्री संपवले होते. "काही राहिलं नाही, मावशी. तुमच्यावरच गेलेय मी." ताई म्हणते, खोटं बोलतेय, असं होत नाही. भाभी म्हणते, "कछू तो धरो होगो, फिर पूछो." मी बसून दोन-तीन ओळी करून पाहिल्या. म्हणायला ठीक वाटतात, पण त्या कोणालाही लागू पडतील अशा आहेत.

श्रावणात ती पहिल्यांदा माहेरपणाला येईल. त्याच्या आत तिची ओळ करायची आहे.